फेड झालं म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या वेळी आपण व्हॅनिश हे क्रियापद घेतलं होतं, दिसेनासं होणं, गायब होणं वगैरे. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी फिरून फिरून फेडवर येऊन थांबली, म्हणून यावेळी फक्त फेड. सगळी पत्रं घेता आली नाहीत, काही थोडी कापली आहेत, राग मानू नका.

ताई, माझं इचलकरंजीत रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान आहे, आता ऑनलाइनपण माल पाठवतो. एका गिऱ्हाइकाने रिव्ह्यूमध्ये लिहिलं की कलर फेडेड आफ्टर टू वॉशेस. मी उत्तर टाकलं, अवर कलर नेव्हर व्हॅनिश. मुलगी हसायला लागली, म्हणे व्हॅनिश इथे चालतच नाही. अहो रंग गेला तो गेला, मग फेड काय आणि व्हॅनिश काय? आणि हा फेड आपल्या कर्ज फेडण्यातला तर नाही ना?
— एक वाचक, इचलकरंजी

मुलगी बरोबर आहे, पण तिला सांगा की गिऱ्हाइकाला इंग्रजीत उत्तर द्यायला बसणारा बाप हसण्यासारखा नसतो.

आता फरक. व्हॅनिशमध्ये मधला काळच नाही. आत्ता होतं, आत्ता नाही, मध्ये काय झालं ते कोणी पाहिलं नाही. फेडमध्ये मधला काळ हाच सगळा मामला, वस्तू अजून आहे, पण कालच्यापेक्षा आज कमी आहे आणि उद्या अजून कमी असेल, आणि हे कमी होणं तुम्हाला बघता येतं, ऐकता येतं, जाणवतं. कॉलेजात एकांकिका केली असेल तर हे तुम्हाला शिकवायची गरजच नाही. लाइटवाल्याला फेड आउट सांगितलं की तो डिमर हळूहळू खाली आणतो, नटाचा चेहरा मंद होत होत अंधारात जातो, आणि ब्लॅकआउट सांगितलं की फटकन अंधार. दोन्हीचा शेवट अंधारच, पण चुकून फेडच्या जागी ब्लॅकआउट दिला तर दिग्दर्शक विंगेत काय बोलतो ते इथे छापता येणार नाही. ब्लॅकआउट म्हणजे व्हॅनिश आणि फेड आउट म्हणजे फेड, एवढं धरून चाला.

म्हणजे तुमच्या वाक्याचा अर्थ इंग्रजी वाचणाऱ्याला असा लागला की आमच्या शर्टाचा रंग कधी जादूने गायब होत नाही. तसं कोणी म्हटलंच नव्हतं हो, त्याचा शर्ट फिका पडला एवढंच तो म्हणत होता.

पण तुमच्या धंद्यात याहून महत्त्वाचा एक मुद्दा आहे आणि तो बहुतेक दुकानदार विसरतात. मराठीत आपण सगळ्यालाच रंग गेला म्हणतो. बादलीतलं पाणी लाल झालं तरी रंग गेला, पांढऱ्या बनियनला लागला तरी रंग गेला, दोरीवर उन्हात वाळत घालून घालून शर्ट विटला तरी रंग गेला. इंग्रजीत या तीन तक्रारी वेगळ्या आहेत. पाण्यात सुटला तर ब्लीड किंवा रन, दुसऱ्या कपड्याला लागला तर स्टेन, आणि मूळ कपडा फिका झाला तर फेड. गिऱ्हाइकाने यातला कुठला शब्द वापरलाय त्यावरून चूक कुठे झाली ते कळतं. पहिल्याच धुण्यात पाणी रंगलं तर बऱ्याचदा जादाचा रंग नीट धुऊन काढलेला नसतो किंवा रंग धाग्याला धरलेला नसतो, ही रंगाईवाल्याची बाजू. महिनाभर कडक उन्हात वाळवून फिका पडला तर ती उन्हाची करामत, उन्हातले अतिनील किरण रंगाचे रेणूच मोडतात, मग कापड तेच राहतं पण त्यात रंग दाखवणारं काही शिल्लक राहत नाही.

कापडाच्या लॅबमध्ये याच्या परीक्षासुद्धा वेगवेगळ्या असतात. धुण्यातला पक्केपणा १ ते ५ मध्ये मोजतात, त्यात ५ सगळ्यात चांगला, आणि उजेडातला पक्केपणा निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी ताडून १ ते ८ मध्ये मोजतात, त्यात ८ सगळ्यात चांगला. एखादा रंग धुण्यात पहिल्या नंबरचा आणि उन्हात अगदी कच्चा असं होऊ शकतं, उलटंही होतं. दोन्हीला मिळून शब्द फास्टनेस. आपण पक्का रंग म्हणतो ना तोच कलर फास्ट, इथे फास्टचा वेगाशी काही संबंध नाही, फास्ट म्हणजे घट्ट धरून बसलेला. तेव्हा पुढच्या वेळी एजंटाने कलर फास्ट है म्हटलं की कशात फास्ट, धुण्यात की उन्हात, एवढं विचारा. त्याला उत्तर आलं नाही तर समजून घ्या.

उत्तर कसं लिहायचं म्हणाल तर साधं लिहा: द कलर मे फेड स्लाइटली इन डायरेक्ट सनलाइट, प्लीज ड्राय इन द शेड. नेव्हर वगैरे लिहू नका, कुठलाच रंग नेव्हरवाला नसतो आणि असं छातीठोक लिहिलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन हजर.

आणि गंमत बघा, तुमच्याच दुकानात एक माल असा असेल जो फिका झाला की जास्त किमतीला जातो. जीन्स! निळीचा रंग सुताच्या आतपर्यंत मुरत नाही, सूत निळीच्या टाकीत बुडवून हवेत काढतात, पुन्हा बुडवतात, असं करत वरवर थर बसतात आणि गाभा पांढराच राहतो. त्यामुळे जिथे घासलं जातं तिथे निळं झिजून पांढरं दिसायला लागतं, मांडीवर, गुडघ्यावर, खिशात मोबाइल ठेवायच्या जागी. ती फेडेड जीन्स. म्हणजे सदरा फेड झाला तर तक्रार, पँट फेड झाली तर फॅशन, शब्द एकच.

कर्ज फेडण्याचं विचारलंत ते बरं केलंत, कारण देवनागरीत हा घोळ खरंच आहे. आपलं फेडणं अस्सल मराठी, कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो, त्याचा या इंग्रजी शब्दाशी काडीचा संबंध नाही. उच्चारही वेगळा, आपल्या फेडमध्ये फ फणसातला, इंग्रजीत वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढलेला आणि ए जरा लांबवून शेवटी ‘इ’कडे झुकलेला. त्यात भर म्हणजे खायला घालणे या अर्थाच्या फीडचा भूतकाळसुद्धा आपण फेडच लिहितो, आणि पेपरात अर्थकारणाच्या पानावर फेडची व्याजदर कपात असा मथळा येतो ती अमेरिकेची मध्यवर्ती बँक. चार फेड झाले, आपला धरून. इंग्रजांचा हा फेड आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे त्याचा अर्थ फिकट, निस्तेज, आणि आजही फ्रेंच माणूस बेचव आमटी खाऊन तिला हाच शब्द लावतो (उच्चार फाद असा काहीसा). आपण आळणी म्हणू.

मॅडम, मी बीए दुसऱ्या वर्षाला आहे. भाषांतराच्या पेपरात होप्स फेडेड होतं, मी आशा फिक्या पडल्या असं लिहिलं, मार्क गेले. डिक्शनरीत तर फिका पडणे असंच दिलंय. मग फेडला नक्की मराठी शब्द कोणता? आणि हॅज फेडेड बरोबर की इज फेडेड?
— एक विद्यार्थिनी, लातूर

मार्क जायलाच हवे होते असं मी म्हणणार नाही, पण आशा फिकी पडत नाही हे खरं. आशा मावळते.

याला एक शब्द शोधत बसू नकोस. इंग्रजी एका फेडवर जेवढं काम भागवतं तेवढ्यासाठी मराठीत ज्याला त्याला आपापलं क्रियापद आहे. रंग विटतो किंवा उडतो, फूल कोमेजतं, आवाज विरतो, शाई पुसट होते, आठवण धूसर होते, वास उडून जातो, उत्साह ओसरतो, चेहऱ्यावरचं हसू मावळतं, जुना डाग फिकट होतो. पेपरात फेड दिसलं की आधी बघ काय फेड होतंय, कर्ता सापडला की मराठी क्रियापद आपोआप तोंडात येतं, कारण ते तू लहानपणापासून ऐकलेलंच असतं. डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलून चिकटवला की आशा फिक्या पडतात.

उलट दिशेने जाताना जास्त सांभाळायचं, मराठीतलं प्रत्येक कमी होणं म्हणजे फेड नाही. पुराचं पाणी ओसरतं त्याला रिसीड किंवा सबसाइड. ताप उतरतो त्याला पण फेड नको, कम डाउन म्हण. धुकं विरतं त्याला लिफ्ट किंवा क्लिअर. साखर विरघळते ती डिझॉल्व्ह होते. चंद्र कृष्णपक्षात रोज कलेकलेने कमी होतो त्याला वेन, पण तोच चंद्र पहाटे उजेड वाढला की पांढुरका होत दिसेनासा होतो तेव्हा फेड चालतं, कारण तिथे त्याचा आकार कमी होत नाहीये, तेज कमी होतंय. जे मोजता येतं, म्हणजे बँकेतले पैसे, धरणातला साठा, वर्गातली पटसंख्या, त्याला ड्विंडल. दाताच्या डॉक्टरने दिलेल्या बधिरपणाच्या इंजेक्शनचा असर जातो तो वेअर ऑफ होतो. फेडला बहुतेक वेळा रंग, उजेड, आवाज, वास, आठवण, भावना असलं काहीतरी लागतं, ज्याला वजन नाही पण तीव्रता आहे. नियम म्हणून पाठ करू नकोस, अपवाद निघतील, पण परीक्षेपुरता अंदाज येतो.

मेहंदी हे चांगलं उदाहरण. मेहंदीचा रंग कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात बसतो आणि तो थर आपोआप झडत जातो तसा रंग दिवसागणिक उतरतो, म्हणून मेहंदी फेड होते. मतदानाची शाई लावतात त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून ती आपल्याकडे आहे आणि मैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते. बोटाच्या कातडीवरची खूण मेहंदीसारखीच फेड होते, पण नखावरचा डाग फेड होत नाही, नख वाढतं तसा तो पुढे पुढे सरकतो आणि शेवटी नेलकटरने कापला जातो, त्याला ग्रो आउट म्हणतात. एकाच बोटावर दोन क्रियापदं.

हॅज की इज? दोन्ही बरोबर, पण अर्थ थोडा हलतो. द कलर हॅज फेडेड म्हणजे आधी चांगला होता, आता उतरलाय, बदलावर जोर. द शर्ट इज फेडेड म्हणजे शर्ट सध्या विटक्या अवस्थेत आहे, कसा झाला त्याच्याशी देणंघेणं नाही. वॉज फेडेड बाय द सन असंही चालतं कारण ऊन कपड्याला फेड करू शकतं, सनलाइट फेडेड द कर्टन्स, कर्ता आणि कर्म दोन्ही घेऊन. आणि स्लोली फेडेड लिहिलंस तर चूक धरत नाहीत, फक्त हळूहळूपणा शब्दातच असल्यामुळे ते स्लोली काही काम करत नाही, मी तरी खोडते. उलट क्विकली फेडेड लिहिलंस तर चालेल, ती नवी माहिती झाली.

जाता जाता, पेट्रोल पंपाची किंवा दुकानाची थर्मल पेपरवरची बिलं असतील घरात, त्यात शाई नसतेच, कागदावरचं रसायन उष्णतेने काळं होतं आणि ऊन, गरमी, प्लॅस्टिकचं पाकीट यांनी परत पुसट होत जातं. वॉरंटीचं बिल असेल तर आजच फोटो काढून ठेव. हा इंग्रजीचा सल्ला नाही, पण असू दे.

सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या निरोप समारंभात साहेबांनी ओल्ड सोल्जर्स नेव्हर डाय, दे जस्ट फेड अवे असं म्हटलं होतं. फेड अवे म्हणजे मरणंच ना? मग मरत नाहीत म्हणायचं आणि पुढे तेच म्हणायचं, हे कसं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

ही ओळ जगभर गाजली ती जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या तोंडून. कोरियन युद्ध चालू होतं, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन आणि त्यांचं जमेना, ट्रूमननी ११ एप्रिल १९५१ ला त्यांना पदावरून काढलं आणि १९ एप्रिलला अमेरिकन काँग्रेसपुढे त्यांचं निरोपाचं भाषण झालं. त्यात शेवटी ते म्हणाले की तरुणपणी बराकीत एक गाणं फार चालायचं, त्यातली ही ओळ, आणि त्या गाण्यातल्या म्हाताऱ्या शिपायासारखाच मी पण आता फेड अवे होतो. म्हणजे ओळ त्यांची नव्हे, बराकीतली, श्रेय मात्र त्यांच्या नावावर चढलं.

आता अर्थ. तिथे फेड अवे म्हणजे मरणं नाही, लोकांच्या नजरेतून हळूहळू बाजूला होत जाणं. अधिकार गेला, फोन कमी झाले, पेपरात नाव येईना, पण माणूस आहे, शेतावर जातोय, नातवंडांना ओरडतोय. अवे लावल्याने दूर जाण्याची छटा येते, आउट लावलं तर संपेपर्यंत मंद होत जाण्याची. आजारी माणसाबद्दल ही इज फेडिंग म्हणतात तेव्हा मात्र तब्येत खालावत चालली, आता फार दिवस नाहीत असा अर्थ होतो, तिथे तुमची शंका बरोबर आहे. खुद्द मॅकआर्थर साहेब काही लगेच बाजूला झाले नाहीत, भाषणं देत फिरले, १९५२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात मुख्य भाषण केलं, मग कुठे मागे पडले, आणि वारले १९६४ मध्ये.

फेड झालेलं परत येत नाही असंही समजू नका. तुमच्या पिढीने रेडिओ सिलोन ऐकला असेल. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने सिनेमाची गाणी बंद केल्यासारखीच केली आणि १९५२ मध्ये सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, बुधवारी संध्याकाळी सगळे सेटला कान लावून. आणि नेमकं वरच्या पायदानवरचं, म्हणजे क्रमवारीत वरचं, गाणं लागलं की आवाज जायचा, खर्रर्र व्हायचं, कोणीतरी उठून सेटवर थाप मारायचं आणि थोड्या वेळाने गाणं पुन्हा वर यायचं. त्याला रेडिओवाले फेडिंग म्हणतात. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येतात, पण एका वाटेने नाही, चारदोन वाटांनी येतात, आणि त्या वाटांची लांबी सारखी बदलत असते. कधी दोन लहरी एकमेकींना जोर देतात, कधी खाऊन टाकतात. सेटचा काही दोष नसायचा, थापा बिचाऱ्याने उगीच खाल्ल्या.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरत होतो, स्कूटर होती, मागे मित्र. खाली येता येता ब्रेक दाबतोय पण पकडच नाही, जळका वास. थांबलो, थोड्या वेळाने ब्रेक परत नीट! मेकॅनिक म्हणाला ब्रेक फेड झाले. मला वाटलं फेल म्हणतोय. काय म्हणाला तो?
— एक वाचक, पुणे

फेडच म्हणाला, आणि शब्द चोख वापरला त्याने. ब्रेक फेल म्हणजे काहीतरी तुटलं, केबल गेली, ऑइल गळलं, आणि दुरुस्त केल्याशिवाय परत येत नाही. ब्रेक फेड म्हणजे सगळं जागच्या जागी आहे पण सतत दाबून दाबून ब्रेक इतके तापले की घर्षणच कमी झालं, त्यामुळे पकड एकदम न जाता कमी कमी होत गेली, आणि गार झाल्यावर परत आली. तुमच्या बाबतीत अगदी हेच झालेलं दिसतंय. ऑइलवाले ब्रेक असतील तर तापून ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर नुसता आत जातो, तोही फेडच.

गिअरच्या गाडीला घाट उतरताना खालचा गिअर ठेवायचा आणि इंजिनाने गाडी रोखायची हे एसटीचे ड्रायव्हर कोणी न सांगता करतात. स्कूटरला ती सोय फार कमी, त्यात डबलसीट, मग सगळा भार ब्रेकवर. वेग आधीच कमी ठेवा, ब्रेक धरून ठेवू नका, दाबा सोडा दाबा सोडा, दोन्ही वापरा, वास आला की जागा बघून थांबा आणि चहा घ्या. गरम ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होऊ शकते. आणि परत वर्कशॉपमध्ये दाखवून घ्या, एकदा जळलेले लायनर चकचकीत होतात आणि पुढच्या वेळी लवकर दगा देतात.

मुलगा अकरावीत आहे. सलूनमध्ये जाऊन मिड फेड करून आला आणि त्याचे वडील म्हणतात हे तर आमच्या वेळचं मशीन मारणं, याला कशाला इंग्रजी नाव आणि दुप्पट पैसे?
— एक वाचिका, ठाणे

वडिलांचं निम्मं बरोबर. मशीन तेच, पण पूर्वी एक नंबर किंवा दोन नंबर लावून डोकं एकसारखं फिरवायचे. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर केस राहतात, दोन नंबर म्हणजे ६. फेडमध्ये खाली झीरो, मग एक, मग दोन असं वर चढत जायचं आणि कुठून कुठे नंबर बदलला ते दिसता कामा नये, केस खाली खाली कातडीत विरत गेले पाहिजेत. पैसे त्या न दिसणाऱ्या जोडाचे आहेत, पट्टा दिसला तर तो फेड नाही, पैसे परत मागायला हरकत नाही. कट आला अमेरिकन सैन्यातल्या आखूड केसांवरून आणि १९८०-९० च्या सुमाराला तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या न्हाव्यांनी तो नावारूपाला आणला. विरायला सुरुवात कानाजवळ झाली तर लो, कानाच्या वर झाली तर मिड, आणखी वर गेली तर हाय, पार कातडी दिसेपर्यंत नेलं तर स्किन फेड. अकरावीला कॉलेजचे नियम काय आहेत ते बघून लो सांगा, आणि नुसतं फेड म्हणू नका, फोटो दाखवा.